चौदा नंबरची जागा

सकाळी सातला डोरीनच्या व्हॅनमध्ये आम्ही चौघं.
स्नेक नदीवर धुकं इतकं खाली उतरलेलं
की पलीकडची गव्हाची टेकडी आज नुसती ऐकीव.
पहिला थांबा बोटींच्या धक्क्याशी.
चांदवे एकशे साठ.
लुपे म्हणाली, नाही, एकशे बासष्ट,
दोघे पाण्याखाली होते.
आणि एक राखी बगळा,
बँक उघडायच्या आधीच दाराशी येऊन थांबलेल्या म्हाताऱ्यासारखा,
मान कॉलरीत.

यादी हार्लन ब्रेका लिहितो.
चाळीस वर्षं तोच, पेन्सिलने.
शाई गोठते, पेन्सिल गोठत नाही,
हे दर डिसेंबरात एकदा सांगून होतं.
आज डोनटच्या दुकानातच सांगून झालं.

दुसऱ्या बागेत, झोपाळ्यांच्या मागे,
सूचिपर्णीच्या खोडावर खोडचढ्या बोलला.
त्याचा आवाज तो काय,
सुईने काचेवर ओढलेली रेघ.
लुपेने मान वर केली, डोरीनने केली, मी केली.
हार्लनने आधी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं,
मग आम्ही पाहत होतो तिकडे,
आणि लिहिलं: एक, ऐकला.

घर वरच्या मजल्यापासून रिकामं होत जातं तसं आहे हे.
परवाच्या साली मेणपंखी गेले,
गेल्या हिवाळ्यात खोडचढ्या.
आता चिमण्या आवरायला लागल्या असाव्यात.
कोणी काही बोलत नाही.
फक्त डोरीन हल्ली बोट
जरा जास्त वेळ वर धरून ठेवते.

दुपारी कॅम्पग्राउंड. एप्रिलपर्यंत बंद.
नळांना गोणपाट, संडासाला कुलूप,
शेकोटीच्या लोखंडी कड्यात ओली राख
आणि उन्हाळ्यातलं अर्धं जळकं कणीस.
प्रत्येक जागेला खांब, खांबाला नंबर,
नंबराखाली माणूस नाही.
नऊवर रानचिमण्यांचा थवा, भाडं न भरता.
अकरावर कुणाची तरी निळी चप्पल, एकच. ती आम्ही मोजली नाही.

चौदावर मात्र ट्रेलर, धुराडं चालू.
राखणीला राहिलेली अर्व्हिला
पायात दोन वेगवेगळे बूट घालून बाहेर आली.
साबणाच्या डब्याला भोकं पाडून तिने दाणे टांगलेत.
"घुबडासाठी आलात ना? रात्री त्या उंच पॉप्लरवर असतं.
दिवसा माझ्यासारखंच, झोपतं."
"कसं बोलतं?" लुपेने विचारलं, उत्तर तिला पाठ असून.
अर्व्हिलाने सिगारेट खाली धरली,
आणि तीस वर्षं ट्रक चालवलेल्या गळ्यातून,
गळ्याच्याही खालून कुठूनतरी
काढलं:
हू.
हूहू. हू. हू.

हार्लनची पेन्सिल थांबली.
"परत," तो म्हणाला.
तिने परत काढलं.
या खेपेला त्याने आमच्याकडे पाहिलंच नाही.
टोपी काढली, कान उघडे केले त्या थंडीत,
आणि आमच्यातल्या सगळ्यांच्या आधी
सरळ पॉप्लरकडे वळला.

पॉप्लर गप्प.
पलीकडच्या काठाने मालगाडी गेली, बराच वेळ गेली,
मग नदी.
आम्ही फांदी न् फांदी पाहिली.
खाली लोकरीच्या गोळ्यासारखी एक उलटी सापडली,
आत उंदराचा जबडा, दातांसकट.
हार्लनने ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

धरणाखाली गरुड दोन. सव्वाचारला अंधार.
खानावळीत पाय मागवून बेरीज करायला बसलो.
लुपेचे एकेचाळीस, माझे एकेचाळीस,
हार्लनचे बेचाळीस.
डोरीनने चष्मा लावून त्याचा कागद ओढला,
बोटाने ओळीओळीने खाली आली,
तळाशी थांबली.
शिंगाळं घुबड: शून्य.
अर्व्हिला: एक, ऐकली.

डोरीनने खोडरबर शोधल्यासारखं केलं.
मग पायचा तुकडा कापून
त्याच्या बशीत मोठा टाकला
आणि विचारलं, बर्फ पडायच्या आत
पुढचा रविवार कोणाकोणाला जमतो.